फिटची गोळी बायपोलरला का देतात?

कळवेकरीण
नमस्कार मंडळी. धागा मुद्दाम ठाणे-नवी मुंबई विभागात काढतेय. डॉक्टर, केमिस्ट, नातेवाईक सगळे इथलेच, त्यामुळे अनुभवही इथलेच हवेत.

धाकटा भाऊ, वय २९, ऐरोलीत आयटीत, कायमची रात्रपाळी. मार्चपासून त्याची झोपच उडाली. रात्री ऑफिस, दिवसभर फोन, क्रेडिट कार्डावर कॅमेरे आणि लेन्सेस, नोकरी सोडून चॅनल काढणार, आणि आम्ही सगळे त्याच्या प्रगतीच्या आड येणारे. दोन वर्षांपूर्वी नेमकं उलटं होतं, अंथरुणातून उठायचा नाही. तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी दिली होती. आता मानसोपचारतज्ज्ञांनी दोन्ही गोष्टी जोडून बायपोलर (मन कधी फार वर, कधी फार खाली जाण्याचा आजार) सांगितलंय. सोडियम व्हॅल्प्रोएट सुरू करायला सांगितलं, सोबत सुरुवातीपुरती ओलान्झापिन, मन शांत करणारी गोळी.

आई गोळ्या आणायला गेली. दुकानातल्या पोराने पाकीट देता देता विचारलं, "काकू, फिट कोणाला येते?" झालं! "माझ्या पोराला जन्मात फिट आली नाही, डॉक्टर चुकलेत." मावशीने फोनवरून भर घातली की फिटची गोळी एकदा सुरू केली की मग फिट यायला लागते. ओलान्झापिन तेवढी घेतोय. दुसरं पाकीट फ्रिजवर, स्टेपलची पिनसुद्धा काढलेली नाही. भाऊ खूश, त्याला मुळात आजारच मान्य नाही.

शुक्रवारी परत दाखवायचंय. तोवर आईला काय सांगू? आणि खरंच, हे औषध यात का देतात?

घोडबंदर_ग्रस्त
वाचनखूण साठवली. आमच्याकडे हाच प्रश्न वडिलांच्या बाबतीत.

डॉ_निवांत
आधी महत्त्वाचं. शुक्रवारची वाट बघू नका, आजच दवाखान्यात फोन करून सांगा की गोळी सुरूच झालेली नाही. झोप उडालेली आहे, पैसे उडतायत, म्हणजे मॅनिया, मन फार वर गेल्याचा काळ, चालू आहे. जुनी डिप्रेशनची गोळी घरात शिल्लक असेल आणि तो ती घेत असेल तर तेही सांगा. बायपोलरमध्ये नुसतं अँटिडिप्रेसंट दिल्याने काही जण वर उसळतात.

आता प्रश्नाकडे. औषधाला ज्या आजारावर पहिल्यांदा परवानगी मिळते त्याचं नाव त्याला चिकटतं. अ‍ॅस्पिरिन डोकेदुखीची गोळी म्हणून आली, आज हृदयरोग्यांना रक्त पातळ ठेवायला देतात. व्हॅल्प्रोएटचंही तसंच. ते पहिल्यांदा तयार झालं १८८२ मध्ये, आणि पुढची ऐंशी वर्षं प्रयोगशाळेत दुसरी रसायनं विरघळवायचा द्रव म्हणून वापरात होतं. १९६२च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रनोबलला पिएर एमार काही नवी रसायनं त्यात विरघळवून प्राण्यांवर तपासत होते. जे द्यावं त्याने झटके थांबायला लागले. करामत रसायनांची नव्हतीच, विद्रावकाची होती! १९६६ मध्ये लँबेर या फ्रेंच मानसोपचारतज्ज्ञाने त्याच कुळातलं औषध दिल्यावर रुग्णांची मनःस्थिती स्थिरावते असं नोंदवलं. अमेरिकेत मॅनियासाठी अधिकृत परवानगी मिळाली १९९५ मध्ये. म्हणजे तुमच्या भावाच्या वयाएवढी जुनी गोष्ट आहे, डॉक्टर प्रयोग करत नाहीयेत.

आणि मावशींना सांगा, ही गोळी घेतल्याने फिट सुरू होत नाही. उलट ज्यांना फिट येते त्यांनी ती एकदम बंद केली तर येऊ शकते. त्या गैरसमजाचं मूळ बहुधा तिथे असावं.

वैतीवाडी_वैतागवाडी
गोळ्यांच्या नावावरून आजार ठरवण्यात आमच्या सासूबाईंचा हात कोणी धरू शकत नाही. त्यांना मायग्रेनसाठी प्रोप्रानोलॉल दिलं. शेजारच्या काकूंनी पाकीट बघून सांगितलं, ही तर बीपीची गोळी. दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या घराच्या आमटीतलं मीठ गेलं. बीपी आजतागायत १२०-८०. मीठ अजून परत आलेलं नाही.

घणसोलीची
वैताग, 😂😂 आम्ही लोणचं घेऊन येतो.

सडेतोड
डॉक्टरसाहेब, गोष्ट छान रंगवलीत, पण दुसरी बाजूही सांगा. औषध कंपन्यांना फिटचं गिऱ्हाईक कमी पडलं म्हणून त्यांनी मनाचे आजार शोधले. गॅबापेंटिन या फिटच्याच औषधाचं काय झालं? बायपोलरवर चालतं म्हणून डॉक्टरांच्या गळ्यात मारलं, आणि २००४ मध्ये वॉर्नर-लँबर्ट कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून ४३ कोटी डॉलर भरले. व्हॅल्प्रोएटवालेही २०१२ मध्ये अशाच प्रकरणात अडकले. आई शंका घेते ते योग्यच करते.

डॉ_निवांत
सडेतोड, गॅबापेंटिनचं शंभर टक्के खरं. नीट चाचण्या झाल्या तेव्हा बायपोलरवर त्याचा उपयोग दिसला नाही. टोपिरामेट या फिटच्या दुसऱ्या औषधाचंही मॅनियात तेच. २०१२चं प्रकरण मात्र डिमेन्शिया आणि स्किझोफ्रेनियासाठी प्रचार केल्याचं होतं, बायपोलरचं नाही. त्या वापराला परवानगी आधीपासून होती.

तुमच्या मुद्द्यातून एक चांगली गोष्ट निघते. फिटवर चालतं म्हणून मूडवर चालेलच असं नाही. चांगला पुरावा आहे तो मुख्यतः व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपिन आणि लॅमोट्रिजिनचा. आणि तिघांची कामं वेगळी. पहिली दोन वर गेलेल्याला खाली आणायला बरी. लॅमोट्रिजिन चालू मॅनियात काहीच करत नाही, पुढचं डिप्रेशन लांबवायला ते देतात. मेंदूत ती नेमकी कशी काम करतात याचं पूर्ण उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. पेशींमधले सोडियमचे मार्ग दाबणं, गाबा (मेंदूला शांत करणारं रसायन) वाढवणं, ग्लूटामेट (मेंदूला चेतवणारं रसायन) कमी करणं एवढं दिसतं.

रॉबर्ट पोस्ट नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९८०च्या आसपास एक कल्पना मांडली. झटके काय किंवा मूडचे भर काय, प्रत्येक वेळेने मेंदूत पायवाट रुळत जाते आणि पुढचा भर कमी निमित्ताने येतो. ती पूर्ण सिद्ध झालेली नाही, पण फिटची औषधं इकडे वळवण्यामागे तिचा बराच हात होता. जपानमध्ये ओकुमा यांनी १९७३ मध्येच कार्बामाझेपिन मॅनियात वापरून दाखवलं होतं.

गोळीबहाद्दर
मी स्वतः बायपोलर, राहणार नेरूळ, गेली बरीच वर्षं गोळ्यांवर. दोन प्रकार चाखून झालेत, तेव्हा मेन्यूकार्ड वाचून दाखवतो.

व्हॅल्प्रोएटने मला जमिनीवर आणलं, आणि लवकर आणलं. पण भूक अशी लागायची की रात्री अकराला सीवूड्स स्टेशनबाहेर वडापाव. वजन वाढलं. मोरीच्या जाळीत केस. हाताला बारीक कंप. चहा मी आजही कपातूनच पितो, बशी उचलत नाही, लोकांसमोर तर नाहीच. कोणीतरी सांगायला हवं होतं की हे होऊ शकतं आणि डोस बदलून कमीही करता येतं. डोकं नीट होतंय म्हणून केस गेल्याची तक्रार करायची नाही, असं मी उगाच ठरवून टाकलं होतं.

मग लिथियम. माझ्यासाठी ते सगळ्यात चांगलं ठरलं. ते फिटचं औषध नाही. निव्वळ क्षार, मॅनियावर त्याचा उपयोग १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी शोधला. पण रक्ततपासण्या, थायरॉइड, किडनी सांभाळावं लागतं. आणि आपला मे महिना! घामाने अंगातलं पाणी-मीठ गेलं की लिथियमची पातळी चढते. अंगदुखीवर मनाने आयबुप्रोफेन घेतली तरी चढते. मी ट्रान्सहार्बरने जाताना पाण्याची बाटली विसरलो तर बायको ठाण्यापर्यंत फोन करत राहते.

कळवेकरीण, डॉक्टरांना विचारा की लिथियम का नाही. भांडायला नव्हे, समजून घ्यायला.

नौपाडा_नाक्यावर
गोळीबहाद्दर, +१. २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात बॅलन्स नावाची चाचणी आली होती. भर पुन्हा येऊ नये यासाठी नुसत्या व्हॅल्प्रोएटपेक्षा लिथियम सरस ठरलं, एकटं किंवा व्हॅल्प्रोएटच्या जोडीला. आत्महत्येचा धोकाही लिथियमने कमी होतो. तरी आपल्याकडे व्हॅल्प्रोएट जास्त लिहून देतात. कारण सरळ आहे: पातळी चुकली तर लिथियम लवकर विषारी होतं, आणि पेशंट तपासणीला येईल याचा भरवसा नसतो.

डॉ_निवांत
भरवसा नसतो हे खरं, पण तेच एक कारण नाही. मॅनिया आणि उदासी एकाच वेळी मिसळलेली असेल तर बरेच जण व्हॅल्प्रोएटकडे झुकतात. किडनीचा त्रास असेल तर लिथियम टाळतात. शुक्रवारी नक्की विचारा.

घणसोलीची
जरा बायकांबद्दल बोला. माझ्या मैत्रिणीला चोविसाव्या वर्षी व्हॅल्प्रोएट सुरू केलं आणि मुलं हवीत का हा प्रश्न तिला एका शब्दाने कोणी विचारला नाही. लग्न ठरल्यावर तिने स्वतः वाचलं. गरोदरपणात हे औषध चालू असेल तर दहापैकी एका बाळात जन्मजात मोठा दोष, त्यात पाठीच्या कण्याचे दोष. आणि दहापैकी तीन-चार मुलांमध्ये पुढे वाढ-शिकण्याच्या अडचणी. शिवाय पीसीओएस, म्हणजे पाळी बिघडवणारा बीजाशयाचा विकार. ब्रिटनमध्ये २०१८ पासून मूल होण्याच्या वयातल्या बायकांना गर्भधारणा टाळण्याच्या पक्क्या व्यवस्थेशिवाय देत नाहीत. जानेवारी २०२४ पासून तर ५५ वर्षांखालच्या कोणालाही, पुरुष असो की बाई, दोन तज्ज्ञांची सहमती असल्याशिवाय नव्याने सुरू करत नाहीत. आपल्याकडे पाचशे मिलिग्रॅम रात्री जेवणानंतर, पुढचा!

डॉ_निवांत
घणसोलीची, तुमचा राग रास्त आहे. तरुण मुलीला हे पहिलं औषध नसावंच. फक्त वाचणाऱ्या कोणी घाबरून आज रात्रीपासून बंद करू नका. दिवस राहिलेत असं वाटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, मनाने थांबवू नका.

कळवेकरीण, भाऊ पुरुष असला तरी पुढे मूल हवं असेल तेव्हा हा विषय डॉक्टरांकडे काढायचा, एवढं लक्षात ठेवा.

कोपरखैरणेकर_काकू
आमच्या ह्यांना लॅमोट्रिजिन. हे औषध म्हणजे सबुरीचं काम. २५ मिलिग्रॅम दोन आठवडे, मग ५० दोन आठवडे, मग १००, असं करत २०० पर्यंत. व्हॅल्प्रोएट सोबत असेल तर त्याच्याही निम्म्याने. घाई केली तर अंगावर पुरळ येऊ शकतं, क्वचित ते इतकं वाढतं की तोंडातली कातडी सोलते आणि थेट आयसीयू. म्हणून डॉक्टरांनी तंबी दिलेली, पुरळ दिसलं की गोळी थांबवून आधी फोन.

गणपतीत गावी गेलो, गुहागरकडे. बॅगेत मोदकाचे साचे, आरतीचं पुस्तक, ह्यांचा पत्त्यांचा कॅट, सगळं होतं. गोळ्यांची डबी तेवढी कोपरखैरण्याच्या कपाटात. गौरी-गणपती उरकून आठवडाभराने परत आलो, तर हे डबी उघडून २०० ची गोळी पाण्याबरोबर घ्यायच्या बेतात. मी हात धरला आणि आधी फोन लावला. डॉक्टर म्हणाले, पाचेक दिवसांच्या वर खंड पडलाय, आता परत पंचविसापासून. ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आता एक पाकीट माझ्या पर्समध्ये कायम असतं.

सडेतोड
काकू, पत्त्यांचा कॅट विसरला नाही, त्यावरून आजार बरा आहे असं समजायचं का?

कोपरखैरणेकर_काकू
मेल्या, तो तर डॉक्टरांनीही बरा होणार नाही म्हणून सांगितलंय.

दुकानातला_दादा
मी खारघरला मेडिकलमध्ये असतो. ताई, आमच्या मुलांच्या वतीने माफी. काउंटरवर पाच माणसं उभी असताना "फिट कोणाला" असं विचारायचं नसतं. पण सगळीकडे नवीन पोरं असतात.

काही कामाच्या गोष्टी. क्रोनो, एसआर, ईआर लिहिलेली गोळी कुटायची नाही, त्यातलं औषध हळूहळू सुटायला हवं. एक आजी शिऱ्यात कुटून घालायच्या, नातवाला पत्ता लागू न देता. कुटणंही चूक आणि लपवणंही. दुसरं, जनऔषधी केंद्रात यातली बरीच औषधं स्वस्त मिळतात. पण एका कंपनीची सुरू केली की शक्यतो तीच ठेवा, बदलायची तर डॉक्टरांना सांगून. तिसरं, चिठ्ठीशिवाय मागू नका, आम्ही नाही म्हटलं की आम्हीच वाईट.

योगायोग
एवढी केमिकल्स पोटात घालण्यापेक्षा प्राणायाम आणि शिरोधारा करा. माझ्या मेव्हण्याने सगळ्या गोळ्या बंद केल्या, आज ठणठणीत.

गोळीबहाद्दर
योगायोग, आयडी शोभतो तुम्हाला. मीही एकदा ठणठणीत होतो, त्या ठणठणीतपणात पामबीच रोडवर भल्या पहाटे अनवाणी धावताना सापडलो. प्राणायाम आजही करतो, पण गोळी घेऊन.

डॉ_निवांत
शिरोधारेने झोप लागत असेल तर जरूर करा, फक्त काढे-भस्म काय घेताय ते आम्हाला सांगा. व्हॅल्प्रोएटवर लिव्हरची आणि प्लेटलेट्सची तपासणी करावी लागते. दोन्हीकडून लिव्हरवर भार नको.

घोडबंदर_ग्रस्त
वडिलांची गंमत वेगळीच. (गंमत म्हणजे मनस्ताप.) त्यांना बायपोलरसाठी कार्बामाझेपिन आहे. विम्याचा दावा केला मोतीबिंदूचा, तर कंपनीचं पत्र आलं, तुम्ही अपस्मार लपवलात. चिठ्ठीवर नुसतं औषधाचं नाव होतं, निदान नव्हतं. डॉक्टरांचं पत्र, जुनी कागदपत्रं, फोनवर तेच तेच. शेवटी पैसे मिळाले. त्यामुळे एक सल्ला: चिठ्ठीवर निदान लिहून घ्याच. लाज वाटते म्हणून आपणच लिहू नका म्हणतो आणि पुढे आपल्यालाच भोवतं. मानसिक आजारालाही इतर आजारांसारखंच विमा संरक्षण द्यायचं, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे.

कार्बामाझेपिनवर वडिलांचं सोडियम उतरलं होतं. गोंधळल्यासारखे वागायला लागले, आम्हाला वाटलं आजारच उसळला. रक्त तपासलं तेव्हा कळलं.

नौपाडा_नाक्यावर
अवांतर: लायसन्सच्या फॉर्म १ मध्येही अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपणं आहे का असा प्रश्न असतो. फिटची गोळी चालू आहे म्हणून लोक घाबरून "हो" लिहितात. प्रश्न आजाराचा आहे, गोळीचा नाही. गुंगी येत असेल तर गाडी चालवू नये, ते वेगळं.

आणखी अवांतर: १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी फिट हे लग्न रद्द मागायचं कारण होतं, त्या वर्षी ते काढलं. मावशीच्या पिढीच्या मनात "फिट" इतकं खोल का बसलंय ते यावरून कळतं.

वैतीवाडी_वैतागवाडी
आणि आपण ठाणेकर! बाहेरगावी राहतो कुठे विचारलं आणि ठाणे म्हटलं की समोरचा हसून "हॉस्पिटलजवळ का?" १९०१ पासून ते मनोरुग्णालय उभं आहे, तिथल्या ओपीडीत आमच्या चाळीतले दोघे तिघे जाऊन व्यवस्थित आहेत. पण विनोद काही म्हातारा होत नाही.

कळवेकरीण
सगळ्यांचे आभार. डॉ. निवांत, त्याच दिवशी फोन केला. जुनी गोळी तो खरंच घेत होता, ती डॉक्टरांनी बंद केली आणि अपॉइंटमेंट अलीकडे घेतली. आईला सोबत नेलं. डॉक्टरांनी तिला सगळं समजावलं, पण तिला पटलं ते सासूबाईंच्या मिठावरूनच. (वैताग, मीठ सत्कारणी लागलं.) लिथियमचं विचारलं. म्हणाले, आधी खाली येऊ दे, थायरॉइड-किडनीचे रिपोर्ट बघू, मग पुढचं ठरवू. गोळी सुरू झालीय. झोप यायला लागलीय.

ऐरोलीचा_उल्लू
मी तो भाऊ. ताईने मला न विचारता धागा काढला, आणि एवढे प्रतिसाद येईपर्यंत सांगितलंही नाही. आता वाचून काढला.

दोन गोष्टी. मार्चमधलं मला "आजार" वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तसं मस्त आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. कार्डांचं बिल आल्यावर मत बदलायला लागलं. गोळीने मी ठोकळा झालेलो नाही, गर्दी कमी झालीय एवढंच. त्या दिवसांची आठवण येते, हे गोळीबहाद्दर समजून घेतील.

दुसरं, ऑफिसात मी मायग्रेन सांगितलंय. व्हॅल्प्रोएट मायग्रेन टाळायलाही देतात म्हणे, म्हणजे पाकीट कोणी पाहिलं तरी निभावतं. घोडबंदर_ग्रस्त, पटणार नाही तुम्हाला, पण विम्याच्या कागदावर खरं आणि कँटीनमध्ये मायग्रेन, असं माझं ठरलंय.

घोडबंदर_ग्रस्त
कँटीनमध्ये काय सांगायचं तो तुझा प्रश्न, पटलं. पण रात्रपाळी बदलून मागशील तेव्हा एचआरला मायग्रेन पुरणार नाही.

गोळीबहाद्दर
येते आठवण. कधीतरी नेरूळला ये, वडापाव खाऊ, त्यावर बोलू. आणि रात्रपाळी सोड बाबा. झोप मोडली की कुठलीच गोळी पुरी पडत नाही, हे मी फार महागात शिकलोय.

डॉ_निवांत
उल्लू, स्वागत. पाळीबद्दल गोळीबहाद्दरांशी सहमत. दिवसपाळीसाठी डॉक्टरांकडून पत्र मिळतं, त्यात निदान किती उघड करायचं ते दोघांनी मिळून ठरवा. आणि मन फार खाली गेलं, नको नको ते विचार यायला लागले तर कधीही फोन करा, अगदी गोळी चालू असतानाही. २००८ मध्ये अमेरिकेने फिटच्या सगळ्या औषधांवर याबद्दल सूचना घातली आहे. रात्री-अपरात्री दवाखाना बंद असेल तर १४४१६ वर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं.

ऐरोलीचा_उल्लू
धन्यवाद. पुढच्या आठवड्यात रक्तातली पातळी बघायची आहे. सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये जायचं की न घेता?

दुकानातला_दादा
न घेता. रात्रीच्या डोसनंतर साधारण बारा तासांनी रक्त द्यायचं, गोळी सोबत न्यायची, आणि रक्त दिल्यावर तिथेच घ्यायची. नाष्टा करून गेलास तरी चालेल, फक्त त्याच रक्तात साखर वगैरे सांगितलं असेल तर लॅबला विचार.